लेव्हल पंधराचे किस्से

सिस्कोची जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात लेन बोसॅक आणि सँडी लर्नर हे नवराबायको दोन वेगळ्या विभागांतले कॉम्प्युटर सांभाळत. त्या विभागांची नेटवर्क एकमेकांशी बोलेनात, म्हणून दोघांनी राउटर घडवला आणि डिसेंबर १९८४ मध्ये कंपनी काढली. नेटवर्किंगच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतात आणि मुले खूश होतात. पडद्यामागे मात्र आणखी माणसे उभी होती. राउटरचे मूळ सॉफ्टवेअर लिहिले ते बिल यीगर यांनी, स्टॅनफर्डच्या वैद्यकीय विभागात, कंपनी निघायच्या काही वर्षे आधी. ते ज्या बोर्डावर चाले तो रचला होता अँडी बेख्टोलशाइम नावाच्या विद्यार्थ्याने. बोसॅक आणि त्यांचे सहकारी कर्क लॉहीड यांनी हेच काम पुढे वाढवले. मालकी कोणाची, यावरून विद्यापीठ इतके बिथरले की फौजदारी कारवाईचा विचार झाला आणि जुलै १९८६ मध्ये दोघे राजीनामे देऊन बाहेर पडले. मग एप्रिल १९८७ मध्ये समझोता झाला. राउटरचे सॉफ्टवेअर आणि दोन बोर्ड वापरायचा परवाना सिस्कोला मिळाला, तो १९,३०० डॉलर रोख आणि दीड लाख डॉलर रॉयल्टीच्या बदल्यात. फेब्रुवारी १९९० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सँडी लर्नर यांना कंपनीतून काढून टाकण्यात आले आणि बोसॅकही त्यांच्यामागोमाग निघून गेले.

राउटरसमोर बसल्यावर आपण जी भाषा बोलतो, तिचे घराणे तर आणखी जुने. स्टॅनफर्डची ही मंडळी डेक कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करत आली होती आणि त्यावर टॉप्स-२० ही ऑपरेटिंग सिस्टिम चाले. तिथे साध्या माणसाला @ हे चिन्ह दिसे. अधिकार असलेल्याने ‘एनेबल’ टाइप केले की @ जाऊन $ येई. पुढे काय टाइप करायचे हे आठवले नाही, तर कुठेही प्रश्नचिन्ह दाबावे, मशीन स्वतःच पर्याय मांडे. अर्धवट लिहिलेला शब्दही ते ओळखे. राउटरवर आज साध्या माणसाला > दिसते, ‘एनेबल’ म्हटले की # येते, प्रश्नचिन्ह दाबले की यादी उलगडते आणि ‘कॉन्फिगर टर्मिनल’ऐवजी ‘कॉन्फ टी’ एवढेही पुरते. डेकने त्या यंत्रांची पुढची पिढी १९८३ मध्येच रद्द केली. म्हणजे सिस्को जन्मली तेव्हा ज्या सिस्टिमचे भवितव्य संपले होते, तिचाच शिष्टाचार पुढे जगभरच्या राउटरवर गेला.

एखादा नवा मुलगा पहिल्यांदा ‘एनेबल’ मारतो तो क्षण बघण्यासारखा असतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे वाटून तो तीच अक्षरे पुन्हा मारतो, पासवर्ड चुकतो, आणि तीन प्रयत्नांनंतर राउटर त्याला ‘बॅड सीक्रेट्स’ म्हणून परत > वर आणून सोडतो. शेजारचा सीनियर हसत नाही, कारण त्याचेही असेच झालेले असते. # दिसले की खुर्चीतला माणूस बदलतो. पाठ ताठ होते, बोटे हळू चालतात. ‘कॉन्फ टी’ मारल्यावर नावापुढे कंसात कॉन्फिग येते, एखाद्या पोर्टमध्ये शिरला की तो कंस आणखी लांबतो. आपण घराच्या कोणत्या खोलीत उभे आहोत, हे तो कंस सांगतो. ज्यांची नजर सतत त्या कंसावर असते, ते माझ्या मते चांगले इंजिनियर.

राउटरची एक सवय मात्र भल्याभल्यांना दमवते. > किंवा # वर आपण चुकीचा शब्द टाइप केला, तर राउटर ती चूक मानत नाही. हे कोणत्या तरी मशीनचे नाव असेल आणि आपल्याला तिथे टेलनेट करायचे असेल, अशी त्याची समजूत होते. मग तो ते नाव शोधायला निघतो. डीएनएस सर्व्हर सांगितलेला नसेल तर २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे सगळ्या गावाला, हाक मारतो. तोवर पडद्यावर ‘ट्रान्सलेटिंग’ आणि आपण हात बांधून. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ ही तीन बटणे एकत्र दाबली की सुटका होते, पण ती वेळेला आठवत नाहीत. एका कारखान्यात लिंक बंद पडली होती, प्लांटचे साहेब आमच्या इंजिनियरच्या खांद्यामागे उभे होते, आणि घाईत त्याच्याकडून ‘एनेबल’चे स्पेलिंग चुकले. पडदा थिजला, ‘ट्रान्सलेटिंग’ची ओळ उमटली. तो घामाघूम. मागून साहेबांचा समाधानाचा आवाज आला, “बघा, फॉल्ट शोधायला लागला!” नव्या राउटरवर ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ ही ओळ लोक इतक्या घाईने का घालतात, ते त्या दिवशी कळले.

आता अधिकारांच्या लेव्हलकडे येऊ. पुस्तकात शून्य ते पंधरा अशा सोळा लेव्हल आहेत. शून्यावरच्या माणसाला पाचच कमांड मिळतात: डिसेबल, एनेबल, एक्झिट, हेल्प आणि लॉगआउट. एक म्हणजे साधे लॉगिन, >. पंधरा म्हणजे सर्वाधिकार, #. मधल्या दोन ते चौदा कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या आपण भरायच्या. रात्रपाळीच्या ऑपरेटरला एवढेच, ठेकेदाराला तेवढेच, असे माणसामाणसागणिक अधिकार वाटता यावेत ही योजना. योजना सुंदर आहे, आणि ती जवळजवळ कोणी वापरत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

न वापरण्यामागे कारणे आहेत. एका मोठ्या संस्थेत एका शहाण्या माणसाने रात्रपाळीसाठी लेव्हल सात तयार केली. पोर्ट बघता यावेत, लिंक तपासता याव्यात, आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग’ही मारता यावे. पहिल्याच आठवड्यात रात्री दीड-दोनला ऑपरेटरचा फोन आला: मुख्य राउटरची कॉन्फिग उडाली आहे, जेमतेम काही ओळी उरल्या आहेत. ट्रॅफिक चालू होते, पण त्या वेळी कोणाचे डोके चालणार? दोन सीनियर गाडी काढून निघाले, बॅकअप शोधायला तिसरा उठला. डेटा सेंटरमध्ये पोहोचून त्यांनी लेव्हल पंधराने लॉगिन केले, तर सगळी कॉन्फिग जागच्या जागी. राउटरचा नियमच तसा आहे. खालच्या लेव्हलच्या माणसाला कॉन्फिग दाखवताना, ज्या ओळी बदलायचा त्याला अधिकार आहे तेवढ्याच दाखवल्या जातात. ऑपरेटरला बदलायचा अधिकार जवळपास कशाचाच नव्हता, म्हणून त्याला रिकामे घर दिसले. सकाळी मॅनेजरने यावर तोडगा काढला. पुन्हा रात्री फोन येऊ नये म्हणून त्या ऑपरेटरला लेव्हल पंधरा देण्यात आली.

दुसरी खोच याहून बारीक आहे. ‘शो आयपी रूट’ ही कमांड फक्त वरच्यांनाच दिसावी म्हणून कोणी ती पंधराला नेली, की तिच्या आधीचे शब्दही तिच्याबरोबर वर जातात. ‘शो आयपी’ पंधराला, आणि ‘शो’ही पंधराला. एका कमांडला कुलूप लावायला गेलेला माणूस खालच्या सगळ्यांचे ‘शो’ बंद करून बसतो. हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. मॅन्युअल उघडले जाते ते ओरड झाल्यावर.

लेव्हल पंधराच्या वर काही नाही, असे आम्ही सगळे शिकलो होतो. २७ जून २००१ रोजी सिस्कोनेच एक सूचना काढली आणि ते शिक्षण मोडीत निघाले. त्या काळी राउटरवर छोटा वेब सर्व्हरही चालवता येई आणि वेबच्या पत्त्यातच लेव्हलचा आकडा लिहायची सोय होती. नावे आणि पासवर्ड राउटरमध्येच साठवलेले असतील, तर पत्त्यात १६ ते ९९ यांपैकी एखादा आकडा टाकून बघावा. तो लागू पडला की राउटर पासवर्ड न विचारता सर्वाधिकार देऊन टाकी. कोणता आकडा कोणत्या राउटरवर चालेल हे आधी सांगता येत नसे, पण एकूण शक्यता अवघ्या ८४. दुपारच्या चहाआधी हाताने संपवता येतील एवढ्या. सोळा लेव्हलची शिडी नीट बांधलेली होती, तिच्यावर पहाराही चोख होता. घुसायची वाट निघाली ती यादीतच नसलेल्या आकड्यांतून.

पासवर्डांचे किस्से तर वेगळ्याच रंगाचे. कॉन्फिगमध्ये पासवर्ड उघडे दिसू नयेत म्हणून ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ नावाची सोय होती. ती चालू केली की पासवर्डाच्या जागी ७ हा आकडा आणि मागे आकड्या-अक्षरांची माळ दिसे. साहेब खूश, ऑडिटर खूश. ही टाइप ७ म्हणजे खांद्यामागून डोकावणाऱ्यासाठी ओढलेला पडदा होता. सगळ्या जगातल्या सगळ्या राउटरमध्ये तिची किल्ली एकच होती, कीबोर्डवर सरसकट बोटे फिरवल्यासारखी दिसणारी, आणि माळेतले पहिले दोन आकडे त्या किल्लीत कुठून सुरुवात करायची तेही सांगत. १९९५ मध्ये ती उलगडणारा प्रोग्रॅम बाहेर आला. खरे तर प्रोग्रॅमचीही गरज नव्हती. ती माळ उचलून राउटरमध्येच ‘की-चेन’ नावाच्या ठिकाणी चिकटवायची आणि ‘शो की चेन’ मारायचे. राउटर स्वतःच मूळ पासवर्ड स्वच्छ अक्षरात वाचून दाखवतो.

म्हणून शहाणे लोक ‘एनेबल सीक्रेट’ वापरत. त्यातला टाइप ५ उलगडता येत नसे. मिठाची चिमूट घालून एमडी-५ ची हजार आवर्तने, अशी त्याची घडण. पण एमडी-५ म्हातारे झाले, म्हणून सिस्कोने टाइप ४ आणला. कागदावर तो दणकट होता: नवे एसएचए-२५६, मीठ, हजार आवर्तने. मार्च २०१३ मध्ये, हॅशकॅट हे पासवर्ड फोडायचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांपैकी फिलिप श्मिट आणि येन्स स्टोइबे यांनी दाखवून दिले की प्रत्यक्ष कोडमध्ये मीठ पडलेलेच नाही आणि आवर्तन एकच होते आहे. नवा टाइप जुन्याहून कच्चा निघाला. पुढची गंमत ज्यांनी अनुभवली त्यांनाच कळेल. टाइप ४ आलेल्या मशीनवर साधा पासवर्ड दिला की त्याचा टाइप ४ च व्हायचा, टाइप ५ तिथे बनतच नसे. मग लोकांनी कपाटातले जुने राउटर बाहेर काढले, त्यांच्यावर टाइप ५ तयार केला आणि ती माळ उचलून नव्या राउटरवर चिकटवली. सिस्कोच्या सूचनेतही हाच मार्ग दिला होता.

इतकी कुलपे असूनही, राउटरच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे सगळी निकामी ठरतात. कन्सोलची फिकट निळी केबल लावायची, राउटर बंद करून चालू करायचा, पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक दाबायचा. राउटर रॉममॉन नावाच्या तळघरात उतरतो. तिथे एका रजिस्टरचा आकडा २१०२ चा २१४२ करायचा. २१४२ याचा अर्थ, चालू होताना साठवलेली कॉन्फिग बघू नकोस. राउटर कोरा उठतो, पासवर्ड न मागता # देतो, आणि मग आपण जुनी कॉन्फिग हलकेच वर आणून पासवर्ड बदलायचा. चोरीचे वाटावे असे हे तंत्र राउटर बनवणाऱ्यांनीच दिले आहे, कारण पासवर्ड विसरणारे चोरांपेक्षा जास्त असतात. गोम शेवटच्या पायरीत आहे. काम झाल्यावर २१४२ चे परत २१०२ करावे लागते. एका शाखेत ते राहून गेले. राउटर पुढे महिनोन्‌महिने छान चालला. मग एका पावसाळी दुपारी वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली. वीज आली तेव्हा राउटर सांगितल्याप्रमाणे कोरा उठला. ज्याने पासवर्ड काढून दिला होता तो तोवर दुसऱ्या नोकरीत रुजू झाला होता.

काही सावध लोक ही तळघराची वाट ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ मारून बंद करतात. त्यानंतर ब्रेक दाबणाऱ्यापुढे राउटर एकच पर्याय ठेवतो: सगळी कॉन्फिग पुसून कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होणे. ही ओळ मारणाऱ्यांतलेही काही पासवर्ड विसरतात.

या भाषेचा स्वभाव असा की इथे एंटर दाबले की झाले. विचारणा नाही, दुसरी संधी नाही. एकाच ट्रंकवरून कोणकोणती व्हीलॅन जावीत ही यादी वाढवायची असेल, तर ओळीत ‘अ‍ॅड’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला तर नवा आकडा यादीत मिळत नाही, पूर्ण यादीच्या जागी तो एकटा बसतो. दूरवरच्या स्विचवर हे घडले की आपली स्वतःची वाटही त्या यादीसोबत जाते आणि पडदा गप्प होतो. म्हणून अनुभवी माणूस दूरच्या मशीनला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ मारून ठेवतो. आपण बाहेर फेकले गेलो तर दहा मिनिटांनी मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन साठवलेल्या जुन्या कॉन्फिगवर येईल. एका चेंज विंडोत आमच्या एका मित्राने हे शिस्तीत केले. काम बिनचूक झाले, फोनवर सगळ्यांनी शाबासकी दिली, ग्राहकाने ‘सगळे चालू’ असे कळवले. ‘रीलोड कॅन्सल’ मारायचे राहिले होते.

याच दुखण्यावर औषध घेऊन ज्युनिपर आली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या प्रदीप सिंधू यांनी १९९६ मध्ये ती काढली. तिच्या जूनोस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तुम्ही बदल लिहीत राहता तोवर काहीच लागू होत नाही, ‘कमिट’ म्हटल्यावर सगळे एकदम लागू होते. ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटले आणि दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर मशीन स्वतःहून जुन्यावर जाते. आमच्यासारख्यांना हे ऐकून भरून आले होते. पुढे सिस्कोनेही २००४ मध्ये मोठ्या राउटरसाठी आणलेल्या आयओएस एक्सआरमध्ये ‘कमिट’ घेतले. पण जूनोसकडे आलेल्या सिस्कोवाल्यांचे पहिले काही महिने फार हालाचे जातात. तिथे # म्हणजे अधिकार नव्हे, तर कॉन्फिग बदलायची खोली. आणि नेहमीच्या पद्धतीने आत गेले, तर ती खोली सगळ्यांची सामाईक असते. दोन इंजिनियर एकाच वेळी आत होते. एकाने फायरवॉलचे नियम अर्धे लिहिले आणि चहाला गेला. दुसऱ्याने पोर्टचे नाव बदलण्याएवढे किरकोळ काम करून ‘कमिट’ मारले. पोर्टचे नाव बदलले, आणि त्याबरोबर चहाला गेलेल्याचे अर्धे नियमही लागू झाले.

ज्युनिपरच्या घरातली दुसरी गोष्ट अंगावर काटा आणणारी. १७ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने जाहीर केले की तिच्या फायरवॉलवर चालणाऱ्या स्क्रीनओएसमध्ये परक्याने घातलेला कोड सापडला आहे. त्यात एक गुप्त पासवर्ड होता. तो कोणत्याही खऱ्या नावासोबत चाले आणि सर्वाधिकार देई. आता पासवर्ड म्हटला की माणूस शब्द शोधतो. हा पासवर्ड टक्क्याची चिन्हे, कंस आणि बरोबरची चिन्हे यांनी बनलेला होता. प्रोग्रॅमर चाचणीसाठी कोडमध्ये ज्या ओळी ठेवतात, हुबेहूब तशीच एक ओळ. कोड वाचणाऱ्याची नजर अशा हजारो ओळींवरून रोज घसरत असते, आणि या ओळीवरूनही घसरली.

स्पर्धा फक्त बाजारातच नव्हती, ती या भाषेवरूनही कोर्टात गेली. जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने टेक्ससमध्ये हुआवेवर दावा लावला: आमचा कोड, आमच्या कमांड, हेल्पचे पडदे, मॅन्युअल आणि आमच्या चुकासुद्धा तुमच्या राउटरमध्ये आल्या आहेत. जुलै २००४ मध्ये हुआवेने कमांड, हेल्प, मॅन्युअल आणि कोडचे काही भाग बदलायचे कबूल केले आणि दावा मिटला. आज हुआवेच्या राउटरवर ‘शो’च्या जागी ‘डिस्प्ले’ आहे, ‘नो’च्या जागी ‘अनडू’.

खरे नाट्य रंगले ते डिसेंबर २०१४ पासून, अरिस्टा या स्पर्धक कंपनीविरुद्ध. सिस्कोचा आरोप होता की पाचशेहून जास्त कमांड अरिस्टाने जशाच्या तशा उचलल्या. अरिस्टाच्या प्रमुख जयश्री उल्लाल आधी अनेक वर्षे सिस्कोत होत्या. आणि संस्थापक कोण, तर अँडी बेख्टोलशाइम. पुण्यात जन्मलेल्या विनोद खोसलांबरोबर १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स काढणारे, १९९६ मध्ये आपली ग्रॅनाइट ही कंपनी २२ कोटी डॉलरला सिस्कोलाच विकणारे, आणि मूळ राउटर ज्या बोर्डावर चालला त्याचे कर्ते. सिस्कोने ३३ कोटी ५० लाख डॉलर मागितले. १४ डिसेंबर २०१६ रोजी सॅन होजेच्या ज्यूरीने सांगितले की कमांडची मांडणी उचललेली आहे, पण अरिस्टा काही देणे लागत नाही. आधार होता कॉपीराइट कायद्यातल्या एका तत्त्वाचा: विशिष्ट प्रकारच्या गोष्टीत जे प्रसंग ओघानेच येतात, त्यांवर कोणा एका लेखकाची मालकी नसते. राउटरच्या कमांडवरचा हा खटला फ्रेंच नाट्यसमीक्षेतून आलेल्या कल्पनेवर सुटला. पेटंटचे दावे मात्र चालूच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अरिस्टाने सिस्कोला ४० कोटी डॉलर देऊन सगळी भांडणे मिटवली, म्हणजे ज्यूरीपुढे मागितले होते त्याहून जास्त.

सर्वाधिकार हातात असूनही दार उघडत नाही, असेही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीच्या कामात एक कमांड दिली गेली आणि कंपनीच्या सगळ्या डेटा सेंटरना जोडणारे जाळे तुटले. असल्या कमांड अडवायला एक तपासनीस प्रोग्रॅम होता, त्यातच बग होता. दूरून आत जायच्या वाटा त्याच जाळ्यावरून जात असल्यामुळे त्याही गेल्या. इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावे लागले, आणि नंतर कंपनीनेच लिहिले की कोणी परका आत शिरून राउटरला हात लावू शकू नये म्हणून केलेला बंदोबस्त इतका पक्का होता की घरच्यांनाही आत पोहोचायला वेळ लागला.

आणि मग ऑक्टोबर २०२३. १६ तारखेला सिस्कोने कळवले की आपल्या आयओएस एक्सई या सिस्टिमच्या वेब पडद्यातून कोणीही, पासवर्डशिवाय, स्वतःसाठी लेव्हल पंधराचे खाते उघडू शकतो आणि तसे घडतेही आहे. गांभीर्याचे गुण दहापैकी दहा. हल्लेखोरांनी घेतलेले एक नाव होते ‘सिस्को टॅक अ‍ॅडमिन’. सिस्कोचा मदत विभाग टॅक या नावानेच ओळखला जातो, त्यामुळे यादीत हे नाव दिसले तरी कोणाला खटकू नये ही सोय. त्या खात्यावरून ते आत आणखी एक छुपा प्रोग्रॅम ठेवत. जगभरात अशी हजारो मशीन मोजली गेली. मग त्या शनिवार-रविवारी आकडा एकाएकी कोसळला आणि अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन दिवसांत उलगडा झाला. मशीन साफ झाली नव्हती. मोजणाऱ्यांच्या हाकेला उत्तर द्यायचे नाही, एवढे त्या प्रोग्रॅमला शिकवण्यात आले होते. राउटर रीस्टार्ट केला की तो प्रोग्रॅम जाई, खाते मात्र तिथेच राही.

त्या आठवड्यात मी ज्या टीमबरोबर होतो, तिने प्रत्येक राउटरवरच्या नावांची यादी काढली. हल्लेखोराचे नाव कुठेच सापडले नाही. सापडली ती नोकरी सोडून गेलेल्यांची, ठेकेदारांची, एका निवृत्त साहेबांची, सगळी लेव्हल पंधरावर. एका संध्याकाळी ती सगळी कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी कळले की रात्रीचा एकही बॅकअप झालेला नाही, कारण बॅकअपची स्क्रिप्ट निवृत्त साहेबांच्या नावाने लॉगिन करत होती. स्क्रिप्टला पंधरा द्यायची नाही असे सगळ्यांनी ठरवले आणि तिला लेव्हल पाचचे नवे खाते दिले. त्या रात्री बॅकअप झाले, प्रत्येक फाइलमध्ये मोजक्या ओळी. शेवटी टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलीने मॅन्युअल उघडले. ‘शो रनिंग-कॉन्फिग व्ह्यू फुल’ ही कमांड पाचव्या लेव्हलला दिली, तर बदलायचा अधिकार न देताही सगळी कॉन्फिग वाचू देता येते. तिने ती ओळ प्रत्येक राउटरवर घातली, ‘राइट’ मारले, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरांचीही खाती पंधरावरून पाचवर आणली. दोन दिवसांनी एक ऑपरेटर तिच्याकडे आला. तिला वाटले, तक्रार असेल. तो म्हणाला, “मॅडम, आता कुठेही बिनधास्त प्रश्नचिन्ह दाबतो. आधी भीती वाटायची.”